सासूबाईंचा सेंद्रिय कर्ब

"आपल्या शेतात झेंडा कशाला रोवलायस? लढाई जिंकलीस की काय?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा सून उंबऱ्यावर बसून काडीने बुटांची माती काढत होती. दिवसभर उन्हात फिरून तिचा चेहरा वांग्यासारखा झाला होता आणि घशाला कोरड पडली होती. पण सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर न देणं ही चैन त्या घरात कुणालाच परवडत नसे.

"लढाई कसली आई! उद्या तिथली माती काढायचीय. तपासायला."

"आपली माती? तिला काय धाड भरलीय?"

सून माती सर्वेक्षणाच्या कचेरीत कामाला होती. शेताशेतांतून मातीचे नमुने आणायचे, ते प्रयोगशाळेत द्यायचे, आलेले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि त्यावरून रंगीत नकाशा काढायचा, असं ते काम. जिथली माती सकस तिथे हिरवा रंग, बरी असेल तिथे पिवळा आणि निकस असेल तिथे तांबडा. आजवर ती दुसऱ्यांच्या नकाशांना रंग भरून देत होती. हा पहिला नकाशा तिचा स्वतःचा होता. खालच्या कोपऱ्यात तिचं नाव छापलं जाणार होतं, आणि नकाशा वरच्यांच्या पसंतीस उतरला तर तिची हंगामी नोकरी कायम होणार होती. उतरला नाही, तर तिच्या खुर्चीत बसायला बाहेर माणसं ताटकळत उभीच होती.

सून स्वभावाने फार टापटिपीची. माती काढायची ती जागा आदल्या दिवशी जाऊन उपग्रहाच्या यंत्रावर नक्की करायची, तिथे पिवळा झेंडा रोवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं घेऊन झेंड्याझेंड्यावरून माती गोळा करत जायचं, ही तिची पद्धत. कचेरीत दुसरं कुणी असं करत नसे. तिला मात्र त्या पद्धतीचा अभिमान होता.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर सासूबाईंनी विषय पुन्हा काढला. "म्हणजे नेमकं करतेस काय तू?"

लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न. सुनेला भरून आलं. घास हातातच राहिला आणि ती सांगत सुटली. "झेंड्याभोवती पाच ठिकाणी वीतभर खोल खणायचं. सगळी माती घमेल्यात कालवायची आणि त्यातली थोडी पिशवीत भरायची."

"वीतभर म्हणजे कुणाची वीत? तुझी का माझी?"

"कुणाचीही चालते हो."

"आणि झेंड्यापासून लांब किती?"

"हे एवढं. चार पावलांत सगळं."

"हं. आणि आपल्या शेताला रंग कुठला येईल?"

सून जरा घुटमळली. "आपलं शेत उतारावर आहे ना. पाण्याने वरची माती धुपून जाते. तांबडाच येईल बहुतेक."

"तांबडा म्हणजे नापास."

"नापास नाही हो. मातीत जीव कमी आहे, एवढंच."

"तेच ते. आणि त्याच्या खाली तुझं नाव?"

"हो."

सासूबाई गप्प झाल्या. ही खूण चांगली नव्हे, हे सुनेच्या नवऱ्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आई आणि बायको बोलत असताना आपण बरं आणि आपलं ताट बरं, या नियमावरच त्याचा संसार सुखाने चालला होता. त्याने वाटी पुढे केली आणि थोडं वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुनेने घरच्या शेतातली माती काढली. काळीभोर, भुसभुशीत, मुठीत दाबली तर लाडवासारखी वळावी आणि बोटाने टोचली तर मोकळी व्हावी अशी. तिला आनंद झाला. खरं तर संशय यायला हवा होता, पण घरची माती चांगली निघाली म्हणून आजवर कुणी संशय घेतला आहे का? तिने पिशवी बांधली, चिठ्ठी लावली आणि ती पुढच्या झेंड्याकडे गेली. संध्याकाळी परसात हातपाय धुताना मात्र तिला वांग्याची रोपं जराशी कलंडलेली दिसली.

"आई, वांगी वाकलीत का हो?"

"वय झालं त्यांचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एक हात कमरेवर दाबून धरला होता.

प्रयोगशाळेत एक काका होते. त्यांना सगळे दशांशकाका म्हणत, कारण वजनकाट्यापासून घरच्यांच्या वयापर्यंत कुठलीही गोष्ट ते पूर्णांकात सांगत नसत. त्यांनी आकडे धाडले. सेंद्रिय कर्ब, म्हणजे पालापाचोळा कुजून मातीत जो जीव येतो तो, सगळ्या गावात यथातथाच होता. एका नमुन्यात मात्र तो असा काही निघाला की सून धावतच प्रयोगशाळेत गेली.

"काका, इथे दशांशचिन्ह चुकलंय बहुतेक."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "माझं दशांशचिन्ह?"

"तसं नव्हे हो..."

"तीनदा केलंय मी ते. माझं यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." असं म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि कपाळाला हात लावला. एवढं त्यांना आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

झेंडे काही प्रत्येक शेतात नव्हते. दोन झेंड्यांच्या मधल्या जमिनीचा अंदाज कॉम्प्युटर बांधतो, आणि तो अंदाज म्हणजे निव्वळ शेजारधर्म असतो. जवळचा जसा, तसा तू. सुनेने आकडे भरले, बटण दाबलं, आणि पडद्यावर तांबड्या-पिवळ्या गावाच्या बरोबर मधोमध एक गोल गरगरीत हिरवा ठिपका उगवला. आता ठिपका म्हणायचा तो आपला नाजूकपणाने. चांगला ताटाएवढा होता. घरचं शेत भरून तो शेजारच्या चिंचोळ्या शेतात उतू गेला होता. ते शेत धाकट्या सासूबाईंचं, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जावेचं.

हा आकडा वगळावा आणि तिथली माती गुपचूप पुन्हा काढावी, असा विचार सून करते आहे तोच तिच्या खांद्यावरून आवाज आला.

"अरे वा! हे काय?"

साहेब उभे होते. साहेब मनाने लोण्यासारखे, पण चांगल्या बातमीला हपापलेले. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या टेबलावर येणारा प्रत्येक नकाशा तांबडाच आला होता, आणि असे नकाशे वर पाठवून पाठवून त्यांना मुळी तांबड्या रंगाचीच धडकी भरली होती. त्यांनी फोन काढला आणि पडद्याचा फोटो घेतला.

"सर, थांबा. हा आकडा मला..."

"थांबायचं कशाला? मोठ्या साहेबांना गेला पण फोटो. आणि गावच्या ग्रुपवरही टाकला. लोकांना हुरूप येतो. ह्या शेतकऱ्याचा सत्कारच करू या आपण! कोण आहे हा?"

"त्या आमच्या सासूबाई आहेत, सर."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू वाटेतच थबकलं. ते खुर्ची ओढून बसले. "तुमच्या? सख्ख्या?"

"सर, आकडा चुकलाय. आपण तो वगळू या."

"आता कसा वगळता? वगळला तर म्हणतील घरचं शेत म्हणून लपवलं. ठेवला तर म्हणतील घरचं शेत म्हणून रंगवलं." साहेबांनी डोकं धरलं. "अहो, काही झालं तरी ते म्हणणारच!"

तेवढ्यात फोन वाजला. मोठे साहेब कमी बोलत. परवा मी स्वतः येतो, माझ्यासमोर पुन्हा माती काढा, शेजारच्या शेतातलीसुद्धा काढा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. साहेब सुनेकडे बघून हळूच म्हणाले, "तुम्ही असं काही करणाऱ्या नाही, हे मला माहीत आहे हो. पण माझ्या माहीत असण्याला वर कोण विचारतो? आकडा टिकला नाही तर नकाशा गेला, आणि नकाशाबरोबर..."

सून घरी आली तर धाकट्या सासूबाई आधीच येऊन पाटावर बसलेल्या. हातातला फोन आरतीचं तबक धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला.

"बघितलंत का ताई? माझं शेत! हिरवंगार!"

"तुझं?" सासूबाई हातातलं काम टाकून आल्या. "तुझं कसं हिरवं?"

"कसं म्हणजे? आहे ते आहे. सरकारी नकाशा आहे."

"अगं, तुझ्या शेतात नीट गवतसुद्धा उगवत नाही! आणि तुझ्या शेतात टाकली कुणी? माती तर मी..."

सासूबाई एकदम थांबल्या.

"माती तर तुम्ही काय, आई?" सुनेने विचारलं.

"माती तर मी... बघितलीय तिची. चांगली नाही."

सुनेने समजूत घालायचा प्रयत्न केला. "काकू, तुमच्या शेतात झेंडाच नव्हता. आपल्या शेताचा आकडा मोठा आला, म्हणून कॉम्प्युटरने अंदाजाने तुमचंही हिरवं धरलं."

"म्हणजे कॉम्प्युटरला अंदाज आला की माझं शेत चांगलं असणार. बघा, यंत्राला कळतं."

"ते माझ्यामुळे!" सासूबाई कडाडल्या. "माझी हिरवाई ओघळलीय तुझ्या शेतात!"

"ओघळली ती ओघळली. आता माझी झाली."

"तुमचं दोघींचं काय ते नंतर ठरवा," सून रडवेली होऊन म्हणाली. "परवा मोठे साहेब येतायत. दोन्ही शेतांतली माती पुन्हा काढणार. आकडा खोटा निघाला तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

दोघी जावा एकाच क्षणी गप्प झाल्या. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने हे पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. आई गप्प झालेली त्याने पाहिली होती, काकूही एकदा घसा बसला तेव्हा गप्प होती. पण दोघी एकदम हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुनेला राहवेना. कचेरीतून ती तडक शेतावर गेली. झेंड्यापासून दूर जाऊन तिने खुरपं मारलं तर खणकन आवाज आला. खाली नुसता मुरूम, फिकट आणि कोरडा. मग झेंड्याजवळ येऊन खणलं तर खुरपं लोण्यात शिरावं तसं गेलं. काळी माती, तीही वीतभरच. त्याखाली पुन्हा मुरूम. तिने ती काळी माती हातावर पसरली. तिच्यात अंड्याचं कवच होतं, उकळलेली चहापत्ती होती आणि एक छोटा चमचा होता. साखरेच्या डब्यातला. त्या चमच्यावरून घरात गेले कित्येक दिवस एकमेकांवर संशय घेणं चाललं होतं.

चमचा हातात धरून ती तशीच खाली बसली. सगळा उलगडा झाला होता आणि काय करावं ते सुचत नव्हतं. इतक्यात पायवाटेवरून आरडाओरडा ऐकू आला. पुढून धाकट्या सासूबाई येत होत्या, कमरेवर घमेलं, घमेल्यात काळीभोर माती, आणि त्यांच्या मागून, वयाला न शोभणाऱ्या वेगाने, सासूबाई. त्यांच्याही हातात घमेलं होतं, पण रिकामं.

"चोर! चोर ग बाई चोर! माझ्या वांग्यांच्या वाफ्यातली माती!"

"चोर कुणाला म्हणता? वाफ्यात आधीच खड्डा होता! मी आपली उरलीसुरली खरवडून आणली. आधीची कुठं गेली ते सांगा की!"

"माझा वाफा, माझी माती, मी कुठंही नेईन!"

"न्या की! सुनेच्या शेतात नेऊन टाका आणि तिच्याच डोळ्यांत धूळ फेका!"

"आणि तू काय माझ्या मातीची खीर करणार होतीस? तुझ्याच शेतात टाकायला..."

इथवर येऊन दोघींना झेंड्यापाशी बसलेली सून दिसली. वाद जागच्या जागी विरला. सुनेने हात पुढे केला.

"आई, हा चमचा."

सासूबाईंनी चमचा घेतला, पदराला पुसला. "सापडला? बरं झालं. केव्हाची शोधत होते."

सुनेला हसू यायला हवं होतं, पण तिला रडू आलं. आणि रडता रडता ती चिडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती सासूबाईंवर चिडली, आणि चिडताना आपण चिडतो आहोत याचीच तिला भीती वाटत होती. "का केलंत असं? माझी नोकरी जाईल आता! मी एकेक आकडा दहादा तपासते, झोपेतसुद्धा आकडे बडबडते, आणि तुम्ही घमेल्याने माती आणून ओतलीत?"

सासूबाईंनी चमचा पुन्हा एकदा पदराला घासला. मग कुणावर तरी डाफरावं अशा सुरात म्हणाल्या, "मग काय करायचं होतं? खाली कोपऱ्यात तुझं नाव, आणि वर तुझ्याच घरचं शेत तांबडं? लोक काय म्हणाले असते? हिला घरचं सांभाळता येत नाही, ही गावाला काय शिकवणार! माझ्या देखत म्हणाले असते. मला नसतं सहन झालं."

"अहो, पण..."

"त्या दिवशी तांबडा म्हणताना तुझा चेहरा पडला होता. मला काय दिसत नाही? उन्हातान्हात हिंडतेस, पोळून घरी येतेस, येऊन पुन्हा माझ्या हाताखाली राबतेस. म्हटलं, हिचा पहिला नकाशा आहे. चार घमेली माती न्यायला मला काय जड आहे? कंबर गेली ती गेली."

या बाईला आपली माया असेल, अशी शंका सुनेला आजवर कधी आली नव्हती. ती डोळे पुसत राहिली आणि सासूबाई रागारागाने चमचा पुसत राहिल्या.

धाकट्या सासूबाईंनी घमेलं खाली ठेवलं. "झालं ते झालं. आता माझंही ऐका. कुणी काही बोलायचं नाही. हे घमेलंही इथेच टाकू. उद्या काढतील ती माती काळीच निघेल. मोठे साहेब काय आपल्या परसात येऊन वास घेणार आहेत?"

"नाही काकू. मी उद्या खरं सांगणार."

"काय सांगशील? माझ्या सासूने लबाडी केली म्हणून? चार लोकांत?"

याचं उत्तर सुनेला रात्रभर शोधूनही सापडलं नाही.

सकाळी जीप आली. मोठे साहेब उंच, काटकुळे, डोक्यावर जुनी टोपी आणि हातात स्वतःचं खुरपं. मागून आपले साहेब उतरले, त्यांच्या हातात भला मोठा पुष्पगुच्छ. सत्कार होणार की चौकशी, याचा अजून निकाल नव्हता, पण गुच्छ आधीच सांगून ठेवलेला होता. दशांशकाकाही न बोलावता आले होते. त्यांना आपल्या यंत्राची अब्रू वाचवायची होती. बघ्यांना तर बोलावणं लागतच नाही. मोठ्या साहेबांनी झेंड्याजवळ खुरपं टेकवलं.

"सर," सून पुढे झाली. "माती काढण्याआधी मला काही सांगायचंय. हा नमुना खरा नाही. इथे बाहेरची माती आणून टाकलेली आहे."

"कुणी टाकली?"

"कुणी... म्हणजे सर, कुणीतरी..."

"कुणीतरी म्हणजे कोण? तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो सर."

"मग सांगा."

सुनेने मान खाली घातली. साहेबांनी गुच्छ पाठीमागे लपवला. कुणीतरी खाकरलं, आणि तेवढ्यात गर्दीतून सासूबाई पुढे आल्या.

"तिला कशाला विचारता? मी टाकली. परसातली माती, वांग्याच्या वाफ्यातली. हिला काही ठाऊक नव्हतं. काल कळलं तर माझ्यावर ओरडली. चूक माझी झाली."

बांधावर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातून हेल्मेट पडलं. त्या घरात भाजी खारट झाली तर चूक मिठाची असे, दूध उतू गेलं तर शेगडीची, आणि लग्नाला उशिरा पोचलं तर मुहूर्तच अलीकडे धरलेला असे. आईच्या तोंडून हे तीन शब्द निघू शकतात, हेच त्याला नवीन होतं.

मोठ्या साहेबांनी सासूबाईंना नीट न्याहाळलं. "पाचही खड्ड्यांत टाकलीत?"

"पाचही."

"किती खोल?"

"वीतभर. हिने सांगितलं होतं तसं."

"म्हणजे पद्धत तुम्ही यांना अगदी व्यवस्थित समजावली होती," मोठे साहेब सुनेला म्हणाले. ते रागाने म्हणाले की कौतुकाने, हे कुणालाच कळलं नाही. "मग आता निम्मी चूक तुमची. शाळेत परीक्षेचा पेपर आदल्या दिवशी मुलांच्या घरी ठेवून येतात का?"

"नाही सर."

"मग झेंडा कशाला लावून ठेवता? ज्या मातीला उद्या तपासायचं, तिच्या मालकाला ते आज सांगायचं नसतं. आणि या एकट्यांनीच टाकली असेल असं कशावरून? गावात इतके झेंडे होते."

हे ऐकून बघ्यांतले दोघे-तिघे एकदम घाईचं काम आठवल्यासारखे निघाले. दशांशकाकांनी त्यांच्याकडे आणि मग सगळ्यांकडे विजयाने पाहिलं. यंत्र खोटं बोलत नाही, हे ते पुन्हा म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर ते स्पष्ट लिहिलं होतं.

"सगळी माती पुन्हा काढा," मोठे साहेब म्हणाले. "झेंडे न लावता. खरा नकाशा झाला की माझ्याकडे घेऊन या. मग तुमच्या नोकरीचं बघू." जीपमध्ये बसता बसता ते थांबले. "खरं सांगितलंत, ते बरं केलंत. दोघींनीही."

जीप गेली. साहेब गुच्छ घेऊन रानात तसेच उभे. तो कुणाला द्यावा, आणि कशाबद्दल, ते त्यांना कळेना. शेवटी धाकट्या सासूबाईंनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. "द्या इकडे. उन्हाने सुकतोय नुसता."

मग सून पुन्हा सगळ्या गावभर हिंडली. या खेपेला झेंडे नव्हते, सकाळी कुठे जाणार ते ती घरीसुद्धा सांगत नसे. सासूबाई विचारतही नसत. फक्त ती निघताना पाण्याची मोठी बाटली आणि एक रुंद काठाची टोपी दारात ठेवलेली असे. कुणी ठेवली असं विचारलं तर त्या म्हणत, "मला काय माहीत? असेल तिथेच पडलेली."

नकाशा झाला, मोठ्या साहेबांकडे गेला आणि पसंत झाला. नोकरी कायम झाल्याचं साहेबांनी सांगितलं तेव्हा तेच आधी रडले. नकाशा मोठा करून कचेरीच्या मोठ्या दालनात भिंतीवर लावला गेला, आणि गावच्या लोकांना तो बघायला बोलावलं. माणसं यायची, आपलं शेत शोधायची, सापडलं की त्यावर बोट टेकवायची. बोटांचे डाग पडू नयेत म्हणून साहेब फडकं घेऊन उभे होते.

सासूबाई ठेवणीतले कपडे करून आल्या. मागोमाग धाकट्या सासूबाई. सून कामाच्या मिषाने दाराआड उभी राहिली, कारण नकाशात काय आहे ते तिला ठाऊक होतं. सगळ्या गावात सर्वांत निकस माती निघाली होती ती तिच्या घरच्या शेतात. रंगांच्या पेटीत त्याहून तांबडा रंगच नव्हता.

धाकट्या सासूबाईंना शेत आधी सापडलं. "अगं बाई! ताई, तुमचं तर कुंकवासारखं लाल! माझं बघा, नारिंगी आहे. तुमच्यापेक्षा बरं आहे माझं!"

मागे उभे असलेले एक गृहस्थ हसले. "सुनेचा नकाशा, आणि सासूचंच शेत सगळ्यांत लाल? घरात भांडण चाललंय वाटतं."

सगळे हसले आणि मग सगळे थांबले, कारण आता सासूबाईंचा तोफखाना सुटणार हे ठरलेलं होतं. साहेबांनी फडकं छातीशी धरलं. दाराआड सुनेने डोळे मिटून घेतले.

सासूबाई नकाशाच्या जवळ गेल्या. आपल्या शेतावर त्यांनी चांगलं दाबून बोट ठेवलं.

"लाल आहे. सगळ्यांत लाल माझंच आहे. या, जवळ येऊन बघा." त्या गृहस्थांकडे वळल्या. "अहो, हिच्या हातात सगळं होतं. एक बटण दाबलं असतं तर घरचं शेत हिरवं झालं असतं. तुमच्या सुनेने दाबलं असतं. मी असते तर मी दाबलं असतं, नव्हे, मी तर घमेल्याने माती वाहिली! हिने दाबलं नाही. सासूचं शेत आहे, सासू घरी गेल्यावर काय म्हणेल, कशाची पर्वा केली नाही. जे होतं ते लिहिलं आणि खाली नाव घातलं. हे वाचा नाव. वाचता येतं ना? ही माझी सून."

ते गृहस्थ वाकून नाव वाचू लागले. त्यांच्यामागे आणखी दोघे वाकले. मग ज्यांची शेतं लाल आली होती ते जरा ताठ उभे राहिले आणि ज्यांची हिरवी आली होती ते काहीतरी खुलासे देऊ लागले. दाराआड सून पदर तोंडाशी धरून उभी होती. कौतुक तोंडावर केलेलं नव्हतं, हे खरं, पण पाठीमागे केलेलं तिने सगळं ऐकलं होतं.

धाकट्या सासूबाईंनी एकदा त्या लाल शेताकडे पाहिलं, एकदा आपल्या नारिंगी शेताकडे पाहिलं, आणि जावेभोवती जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मग त्या हळूच दाराआड आल्या आणि सुनेचा दंड धरून कानाशी लागल्या.

"सूनबाई, तुझ्या त्या बटणाने माझंही जरा लाल होतं का बघ ना."